खुर्चीवरची चादर

ताई, मी 38 वर्षांची आहे. नोकरी सांभाळून गेली 8 वर्षं जलरंगात चित्रं काढते. दोन क्लास केले, बाकी व्हिडिओ बघून शिकले. हात बसलाय असं सगळे म्हणतात. गेल्या महिन्यात एका जाणत्या चित्रकारांना पाच चित्रं दाखवली. त्यांनी ती शांतपणे पाहिली आणि म्हणाले, ‘काम स्वच्छ आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?’ तेव्हापासून ब्रश हातात धरवत नाही. खरं सांगायचं तर ज्याचं काम आवडतं त्याच्यासारखं माझं होतं. या महिन्यात एकासारखं, पुढच्या महिन्यात दुसऱ्यासारखं. स्वतःची शैली सापडते कशी? इतरांचं काम बघणं बंद करू का? अजून एखादा क्लास लावू का? की आता उशीरच झालाय? त्याच पाच चित्रांचे फोटो पाठवतेय. सहावा फोटो वहीतल्या एका पानाचा आहे, चुकून आलाय, त्याकडे दुर्लक्ष करा.
– ‘सगळ्यांसारखी’

प्रिय ‘सगळ्यांसारखी’,

दुर्लक्ष करा असं म्हटलं की माणूस आधी तिथेच बघतो. मी सहावा फोटो सगळ्यांत आधी उघडला, आणि आता पत्राचं उत्तर लिहायला बसल्यावर पुन्हा तोच समोर ठेवलाय.

एक खुर्ची आहे, तिच्या पाठीवर टाकलेली चादर आहे. घडी विस्कटलेली, एक टोक जमिनीला टेकलेलं. पेन्सिलीच्या रेषा खोडायच्या राहिल्यात. रंग दोनच दिसतात, बहुतेक अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, आणि दोन्ही मिळून झालेला तो राखाडी. सावलीच्या जागी निळ्याचे कण खाली बसून कागदाच्या खळग्यांत साचलेत, त्यामुळे कापडाला जाडी आल्यासारखी वाटते. सगळ्यांत वरच्या घडीला तुम्ही रंग लावलेलाच नाही. कागद कोरा सोडलाय. त्या कोऱ्या पट्टीची डावी कड सुरीने कापल्यासारखी आहे आणि उजवी कड ओल्या ब्रशने अशी विरघळवली आहे की उजेड कुठे संपला ते सांगता येत नाही. खुर्चीचा एक पाय काढायचा राहून गेलाय, त्याने काहीही बिघडलेलं नाही.

मग मी बाकीची पाच पाहिली. धुक्यातली झाडं, पावसातला रस्ता, नदीकाठच्या होड्या, फुलदाणी, म्हाताऱ्याचा चेहरा. तुमचे ते चित्रकार म्हणाले ते बरोबर आहे, काम स्वच्छ आहे. ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलेलं धुकं जिथे थांबायला हवं तिथेच थांबलंय, रस्त्यावरची प्रतिबिंबं उभी, सरळ, बेतशीर. अशी चित्रं मी खूप पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असणार, म्हणून तर ती तुम्हाला काढता आली.

पण होड्यांच्या चित्रात एका होडीवर ताडपत्री टाकलेली आहे, ती पुन्हा बघा. पावसातल्या छत्रीचं कापड दोन काड्यांमध्ये जिथे खोल गेलंय, तिथे बघा. फुलदाणीच्या मागचा पडदा. म्हाताऱ्याच्या गळ्यातला मफलर. तो चेहरा कुणाच्या तरी व्हिडिओतून आलाय, मफलर मात्र तुमचा आहे. चेहऱ्यावर तुम्ही शिकलेले हात मारलेत आणि मफलरवर येऊन रेंगाळला आहात. पाचातलं एकच चित्र असं आहे ज्यात कापड कुठेच नाही, झाडांचं, आणि पाचांत तेच सगळ्यांत मेलेलं आहे. रागावू नका.

तेव्हा ‘यात तुम्ही कुठे आहात’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं: कोपऱ्यात आहात. मुख्य विषय सोडून बाजूला, जिथे कुणी बघणार नाही असं तुम्हाला वाटलं तिथे.

यात नवल काहीच नाही. चित्राच्या मधोमध आपण सावध असतो. तिथे चांगलं दिसायला हवं असतं, म्हणून तिथे आपण आठवणीतल्या चांगल्या चित्रांना बोलावून घेतो. कोपऱ्यात पोचेपर्यंत दमलेलो असतो, लक्ष सैल झालेलं असतं, आणि हात त्याला वाटेल ते करतो. ज्याला आपण शैली म्हणतो ती बरीचशी अशा सैल जागी आधी दिसते. लहानपणी वर्गातल्या सगळ्यांनी एकच कित्ता गिरवला, तरी दोघांचं अक्षर सारखं निघालं नाही. कुणी बसून ‘माझं अक्षर कसं असावं’ ठरवलं नव्हतं. ज्यांनी ठरवलं त्यांच्या फक्त सह्या झोकदार झाल्या.

माझंच सांगते. मी शिकत होते तेव्हा आमच्या शिक्षकांच्या हाताची मला इतकी भुरळ होती की रेषा ओढताना मनगट कसं वळवायचं तेही मी त्यांचंच उचललं होतं. पहिल्यांदा चार जणांबरोबर चित्रं मांडली तेव्हा एक बाई माझ्या चित्रासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अरे वा, सरांचंही लावलंय का!’ मी दोन दिवस हवेत होते. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना त्या वाक्याचा अर्थ लागला. पुढे वर्षभर मी मुद्दाम त्यांच्या उलट चित्रं काढली. ते बारीक रेष काढत म्हणून मी जाड, ते मंद रंग लावत म्हणून मी भडक. ती चित्रं त्याहून वाईट होती. उलटं केलं तरी मोजपट्टी त्यांचीच होती ना.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, इतरांचं बघणं बंद करू का यावर, माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते नुसतं ‘नाही’ म्हणून सोडण्यासारखं नाही.

कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. लहान वयात ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तशाच गात आणि लोक थक्क होत. नकलेत त्यांच्याइतकं पुढे कोण गेलं असेल? पुढे देवधर मास्तरांकडे रीतसर शिक्षण झालं. मग क्षयाने गाठलं आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षं गाणंच बंद झालं. आजारपणात पडल्या पडल्या कानावर येत होती ती माळव्यातली लोकगीतं. ते पुन्हा गायला लागले तेव्हा एका फुप्फुसाने जवळपास साथ सोडलेली होती, लांबलचक ताना घेणं अवघड होतं. छोट्या, झेपावणाऱ्या ताना, मध्येच सोडलेली शांतता, लोकधुनांतून उगवलेले राग, हे सगळं आपण आज ‘कुमारांचं’ म्हणून ओळखतो. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांना इतरांचं गाणं येत नव्हतं म्हणून ते वेगळे झाले असं नाही. सगळ्यांचं येत होतं. त्या सगळ्यातलं काय आपल्या श्वासात मावतं आणि पडल्या पडल्या आपला कान कशाकडे वळतो, एवढं उरलं. (आजारपण आल्याशिवाय कला येत नाही असा अर्थ यातून काढणारे लोक भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. आजाराने बहुतेकांचं गाणं फक्त थांबतं.)

दुसरं उदाहरण तुमच्या जास्त कामाचं आहे, कारण त्यातून एक सरावच निघतो. व्हॅन गॉगने 1889-90 मध्ये, मनोरुग्णालयात असताना, मिले या आधीच्या पिढीतल्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. नकलाच म्हणायच्या. समोर मॉडेल नव्हते, बाहेर जाण्यावर बंधनं होती. पण त्याच्यासमोर मिलेची मूळ चित्रं नव्हती, कृष्णधवल छापील प्रती होत्या. आकृती मिलेची आणि रंग सगळा याला घालावा लागला. आज ती चित्रं बघून कुणी मिले म्हणत नाही. नकलेत एक दार उघडं राहिलं होतं आणि त्या दारातून तो आत आला.

तुमच्या नकलेत असं दार नाही. तुम्ही व्हिडिओ बघता आणि त्यात विषय, कागदाचा आकार, रंगांची नावं, ब्रशचा नंबर, कुठे थांबायचं, सगळंच तयार मिळतं. तुमच्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नसतं. तेव्हा नक्कल करा, पण त्यातलं काहीतरी काढून टाका. आवडलेलं चित्र फोनवर कृष्णधवल करून घ्या आणि त्यावरून रंगीत करा. किंवा दहा मिनिटं टक लावून बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या आणि आठवेल तसं काढा. मग शेजारी शेजारी ठेवून बघा, काय विसरलात आणि काय नको तितकं मोठं झालं. मी शिकवत होते तेव्हा हा खेळ अनेकदा घेतला. एकच चित्र दहा जणांनी आठवणीतून काढलं की कुणाच्या चित्रात खिडकी अर्धा कागद व्यापते, कुणाच्यात खिडकी गायब आणि जमिनीवरच्या फरशा मोजून काढलेल्या. ही चूक पुसायची नसते, तिची नोंद ठेवायची असते.

आणि क्रम बदला. आधी काढायचं, मग बघायचं. सकाळी उठून तासभर दुसऱ्यांची चित्रं सरकवत बसलं की डोळ्यांत तीच उतरतात, आणि त्यानंतर समोरच्या भिंतीवरचा उजेड काही केल्या दिसत नाही. मला तरी दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मला कापड काढायला आवडतं हे कळलं. पण कापड म्हणजे काय शैली झाली?

नाही झाली. कापड हा फक्त धागा आहे, आणि तो ओढून बघायला हवा. जॉर्जो मोरांदी नावाच्या इटालियन चित्रकाराने आयुष्याची कित्येक दशकं टेबलावर मांडलेल्या बाटल्या, बरण्या आणि डबे रंगवले. बाटल्यांवरची लेबलं आणि चकाकी जावी म्हणून तो त्यांना रंग फासून ठेवायचा, त्यांच्यावर धूळ बसू द्यायचा. विषय इतका साधा की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याला दुसरं काही सुचत नव्हतं का. पण एका बाटलीची कड दुसरीला जेमतेम टेकते की दोघींमध्ये केसाएवढी फट राहते, एवढ्यावरून चित्राचा स्वभाव बदलतो हे त्याच्या चित्रांपुढे उभं राहिलं की समजतं. विषय बदलत राहिला असता तर ही फट त्याला दिसलीच नसती. आपलंही तसंच होतं. दर वेळी नवा विषय घेतला की सगळी ताकद ‘हे कसं काढायचं’ यातच संपते. तोच विषय पंचविसाव्यांदा घेतला की ‘कसं काढायचं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘मला यात काय दिसतंय’ हा उरतो.

म्हणून माझी सूचना: 30 चित्रं, सगळी कापडाची. चादर, टॉवेल, काढून टाकलेला शर्ट, खिडकीचा पडदा, धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग. कागद लहान, तळहाताच्या दुप्पट, त्याहून मोठा नको. महागडा कागद ठेवून द्या. महाग कागदावर माणूस भित्रा होतो आणि मग स्वच्छ काम करतो. मात्र अगदी पातळही घेऊ नका, पाणी सोडल्याबरोबर तो पापडासारखा वर येतो आणि रंगापेक्षा कागदाशीच झटापट होते. रंग तेच दोन. एका चित्राला 20 ते 40 मिनिटं. नोकरी असताना यापेक्षा जास्त वेळ निघत नाही हे मला माहीत आहे, आणि लागतही नाही.

साधारण सातव्या-आठव्या चित्राला तुम्हाला भयंकर कंटाळा येईल. ‘ताईंनी काय हे लावलंय’ असं वाटेल. तिथे थांबू नका. तोवर तुम्ही कापड कसं काढतात याची माहितीच वापरत असता, ती संपली की कंटाळा येतो. त्यानंतरची चार-पाच चित्रं वाईट होतात. माझा अनुभव असा की तेराव्या-चौदाव्याच्या आसपास काहीतरी हलतं. कुणी अचानक चुण्या सोडून फक्त चुण्यांमधला अंधार काढायला लागतं. कुणाचं कापड दगडासारखं दिसायला लागतं आणि त्याला तेच हवं असतं. तुमचं काय होईल मला सांगता येणार नाही. कदाचित 30 चित्रांनंतर लक्षात येईल की कापडाशी तुमचं काही घेणंदेणं नव्हतंच, तुम्हाला माणूस नुकताच उठून गेल्याची जागा काढायची होती. चादर फक्त त्या जागेवर पडलेली होती. तुमच्या सहाही फोटोंत मला तशी शंका येते, पण ती मी आत्ता पुढे दामटणार नाही.

तिसांतलं एकही फाडायचं नाही आणि मध्येच कुणाला दाखवायचंही नाही. पूर्ण झाल्यावर सगळी जमिनीवर पसरा, खुर्चीवर उभ्या राहून वरून बघा. ‘चांगलं कोणतं’ हे विचारू नका. ते विचारलं की पुन्हा पाच स्वच्छ चित्रं निवडाल. ‘कोणतं मी दुसऱ्या कुणाचं म्हणून बघितलं असतं तर पुन्हा वळून बघितलं असतं’, हे विचारा. तीन-चार निघतील. त्यांत काय सारखं आहे ते एका कागदावर अगदी साध्या शब्दांत लिहा. ‘कड एका बाजूने हरवते.’ ‘मध्ये काही नाही.’ ‘खालचा भाग अपुरा.’ मोठे शब्द नकोत. ‘अवकाश’, ‘अस्तित्व’ असलं काही लिहिलंत तर खोडा. पुढचं मोठं चित्र करताना तो कागद समोर टाचून ठेवायचा आणि त्या तीन ओळींच्या बाजूने सगळे निर्णय घ्यायचे. पाय काढायचा राहिला तर राहू द्यायचा.

उत्तम काम कसं होतं, असा सरळ प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्राच्या तळाशी आहेच. मला याबद्दल फार थोडं ठामपणे सांगता येतं. बऱ्याचदा चित्र अशा टप्प्यावर येतं की ते ‘ठीक’ झालेलं असतं आणि अजून एक हात मारला तर बिघडेल अशी भीती वाटते. जलरंगात ही भीती खरी असते, कारण गेलेला पांढरा कागद नीटसा परत मिळत नाही. तिथे थांबणं शहाणपणाचं असतं आणि नव्वद टक्के वेळा थांबावंच. पण आठवड्यातून एकदा तरी थांबू नये. ‘ठीक’ झालेल्या चित्रावर तो हात मारावा आणि बिघडू द्यावं. तुमच्या पाच चित्रांत असा एकही हात मला सापडला नाही. चादरीत सापडला, ती विरघळवलेली उजवी कड. तिथे तुम्ही पूर्ण घडी घालवून बसला असतात.

आणि हो, कमी काम करणाऱ्या थोरांचे दाखले स्वतःला देऊ नका. अमूर्त चित्रं काढणारे आपले चित्रकार गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत, हे मी आळशी विद्यार्थ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. कॅनव्हाससमोर बसून राहणं हाही त्यांच्या कामाचाच भाग होता, आणि त्याआधी युरोपातल्या पॉल क्ले या चित्रकाराचं काम, भारतीय लघुचित्रं, असं बरंच काही हाताखालून गेलं होतं. आपण न काढता बसतो तेव्हा बहुतेक वेळा फोन बघत असतो.

क्लास सध्या नको. तुमच्याकडे तंत्र गरजेपुरतं आहे, थोडं जास्तच. उशिराचं म्हणाल तर होकुसाई या जपानी चित्रकाराची ती सगळ्यांना माहीत असलेली समुद्राची लाट त्याच्या सत्तरीच्या सुमाराची, आणि तोवर त्याने नाव इतक्या वेळा बदललं होतं की शैलीला चिकटून राहण्याची त्याला फारशी फिकीर नसावी. 38 हे वय मला तर चिडवल्यासारखं वाटलं. पुढे चला.

ज्या चित्रकारांनी तुम्हाला तो प्रश्न विचारला त्यांच्यावर मनातून राग धरू नका. खरं तर मला त्यांचा थोडा हेवा वाटतो, समोरासमोर असं बोलायला धीर लागतो, मी पत्रातून बोलते. पण तुम्ही त्यांना पाचच चित्रं दाखवलीत, सहावं घरी ठेवलंत. शक्य झालं तर वही घेऊन पुन्हा जा. फ्रेम नको, माउंट नको, वही तशीच.

आणि ती खुर्ची अजून तिथेच असेल, चादर अजून तशीच टाकलेली असेल, तर आज तिची घडी घालू नका. संध्याकाळचा उजेड दुसऱ्या बाजूने येईल, तेव्हा बसा.

– तुमची ताई